कचेऱ्यांचे स्थलांतर आणि नागरिक : मुंबईचा अनुभव व चारकोपचा प्रश्न

महानगरपालिकेची अथवा पोलिसांची कचेरी जुन्या व अपुऱ्या वास्तूतून नव्या व प्रशस्त वास्तूत नेणे ही गोष्ट वरवर पाहता बांधकाम खात्याच्या अखत्यारीतील एक साधी बाब वाटते. जागा अपुरी पडली, भिंतींना ओल आली, दप्तर ठेवावयास कपाटे उरली नाहीत, म्हणून नवी इमारत बांधली आणि कचेरी तेथे गेली, इतकाच तिचा इतिहास असतो असे मानण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु नगरप्रशासनाच्या अभ्यासकास एवढ्यावर थांबता येणार नाही. कचेरीचे स्थान बदलले म्हणजे शासन आणि नागरिक यांच्यामधील अंतर बदलते. आणि हे अंतर केवळ मैलांत वा किलोमीटरांत मोजावयाचे नसते. ते बुडालेल्या रोजात, घालवलेल्या दिवसांत आणि कित्येकदा न केलेल्या तक्रारीतही मोजावे लागते.

‘अधिक चांगली इमारत’ या शब्दप्रयोगात तीन भिन्न अर्थ दडलेले आहेत. पहिला अर्थ कार्यसुविधेचा : कर्मचाऱ्यांना बसावयास जागा, दप्तरास सुरक्षितता, हवा व उजेड. दुसरा अर्थ प्रतिष्ठेचा : संस्थेचे नगरातील स्थान तिच्या वास्तूवरून लोकांच्या मनावर ठसावे हा. तिसरा अर्थ सुगमतेचा : ज्याचे काम आहे त्याला तेथे सहज पोहोचता यावे, आत शिरताना संकोच वाटू नये आणि काम उरकून त्याच दिवशी परतता यावे. हे तीनही हेतू एकाच वास्तूत साधले जातातच असे नाही. पुष्कळदा ते परस्परांच्या आड येतात. प्रस्तुत लेखात मुंबई शहराच्या अनुभवाच्या आधारे या त्रिविध हेतूंचा विचार करून, त्यांचा चारकोपसारख्या उपनगरी वसाहतीच्या संदर्भात काय अर्थ होतो हे पाहावयाचे आहे.

१. महानगरपालिकेचे बिऱ्हाड

मुंबईच्या नागरी कारभारास १८६५ च्या कायद्याने निश्चित आकार आला आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले नगरपालिका आयुक्त झाले. या सुमारास नगरपालिकेची कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकाशी एका साध्या इमारतीत होती. १८७० साली ती एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट यांच्या दरम्यानच्या जागेत गेली. आज जेथे आर्मी अँड नेव्ही इमारत उभी आहे तीच ही जागा. क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीतील सढळ खर्चाविरुद्ध करदात्यांत असंतोष माजला, आणि त्याची परिणती १८७२ च्या कायद्यात झाली. या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका अस्तित्वात आली व तीत करदात्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना स्थान मिळाले.

संस्थेचे स्वरूप असे पालटल्यावर तिच्या वास्तूचा प्रश्नही निराळ्या रूपाने पुढे आला. आयुक्ताची कचेरी ही खोल्यांची गरज असते; परंतु निर्वाचित सभेस सभागृह लागते, आणि सभागृह ही केवळ मोठी खोली नव्हे. नगराच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनी कोठे बसावे, हा प्रश्न तिच्याशी निगडित असतो. व्हिक्टोरिया टर्मिनससमोरील जागेवर नव्या इमारतीची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसविण्यात आली. स्थानिक स्वराज्याविषयीचा १८८२ चा सुप्रसिद्ध ठराव ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे तेच हे रिपन, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या कोनशिलेचे औचित्य लक्षात येते. रॉबर्ट फेलोज चिझम यांनी सादर केलेला आराखडा बाजूस ठेवून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक पद्धतीचा आराखडा स्वीकारण्यात आला. इमारत १८९३ साली पुरी झाली. तिच्यावर ११,१९,९६९ रुपये खर्च झाला. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये होती. म्हणजे ६८,११३ रुपयांची बचत झाली. सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात मंजुरीहून कमी खर्चात काम पुरे होण्याची उदाहरणे मोजकीच असल्याने या आकड्यांची नोंद घेणे योग्य ठरेल.

या स्थलांतरात प्रतिष्ठेचा हेतू उघड आहे. ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील आद्य नगरी, ही उक्ती मूर्तिरूपाने इमारतीच्या दर्शनी भागी विराजमान झाली. तथापि सुगमतेचा हेतूही येथे साधला गेला होता हे विसरता कामा नये. त्या काळचे नगर मुख्यत्वे बेटाच्या दक्षिण भागात वसलेले होते. रेल्वेचे मोठे स्थानक समोर, क्रॉफर्ड मार्केट हाकेच्या अंतरावर आणि दाट वस्तीचे विभाग उत्तरेस लागूनच, अशी ही जागा होती. घर बांधणारा, कर भरणारा किंवा तक्रार घेऊन येणारा नागरिक पायी तेथे येऊ शकत होता. प्रतिष्ठा व सुगमता यांचा असा मिलाफ पुढील काळात दुर्मिळ झाला.

२. पोलीस : दोन मुख्यालये, दोन वाटा

मुंबई शहराचे पहिले पोलीस आयुक्त म्हणून सर फ्रँक सूटर यांची नेमणूक १८६४ साली झाली. पोलीस आयुक्तांची कचेरी क्रॉफर्ड मार्केटसमोरील सध्याच्या वास्तूत १८९६ साली आली. या इमारतीचे वास्तुरचनाकार जॉन अॅडम्स हे होत. महापालिका १८९३ मध्ये आणि पोलीस आयुक्तालय १८९६ मध्ये, असे अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने नगराचे हे दोन्ही कारभार एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर स्थिर झाले, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी दोहोंची मुख्यालये तेथून हललेली नाहीत. १८९३ सालच्या दंगलींचा अनुभव शहरास ताजा होता. बाजारपेठ व दाट वस्ती यांच्या सान्निध्यात पोलिसांचे मुख्य ठाणे असणे हे त्या काळच्या दृष्टीने सोयीचेच होते.

राज्य पोलीस मुख्यालयाची कथा याहून वेगळी आहे. ज्या वास्तूत ते आज आहे ती मुळात खलाशांसाठी बांधलेली. १८७० साली ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या हस्ते कोनशिला बसलेले आणि १८७६ मध्ये पुरे झालेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हेही स्टीव्हन्स यांचेच काम. १९२८ साली ही इमारत विधिमंडळासाठी घेण्यात आली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे कायदे झाले. नरिमन पॉइंट येथील नवे विधान भवन १९८१ साली तयार झाल्यावर ती रिकामी झाली, व १९८२ पासून तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय नांदू लागले. एकाच वास्तूत आधी नाविक, मग आमदार आणि शेवटी पोलीस अधिकारी, असा हा क्रम आहे. ‘अधिक चांगली इमारत’ म्हणजे नेहमी नवी इमारतच असे नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. भक्कम बांधणीची जुनी वास्तू नव्या कार्यास लावणे हा स्थलांतराचा एक मान्य व काटकसरीचा मार्ग आहे. मात्र मुख्यालयास जे चालते ते ठाण्यास चालेलच असे नाही. मुख्यालयात नागरिकांची ये-जा बेताची असते. ठाणे मात्र दिवसरात्र उघडे असते.

लंडनचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. तेथील महानगर पोलिसांची कचेरी १८२९ साली ग्रेट स्कॉटलंड यार्डलगतच्या जागेत सुरू झाली. १८९० मध्ये ती टेम्स नदीच्या बांधावरील नव्या इमारतीत, १९६७ मध्ये ब्रॉडवे या रस्त्यावरील कार्यालयी मनोऱ्यात, आणि २०१६ मध्ये पुन्हा नदीकाठच्या एका जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार करून तेथे गेली. चारही ठिकाणी नाव मात्र स्कॉटलंड यार्डच राहिले. संस्थेची प्रतिष्ठा वास्तूतून नावात उतरली म्हणजे वास्तू बदलणे सुकर होते असा याचा अर्थ करता येईल. उलटपक्षी, मुंबईत महापालिकेची व आयुक्तालयाची प्रतिष्ठा वास्तूशीच एकजीव झाली असल्याने मुख्यालये जागची हलली नाहीत. वाढत्या कामाचा भार विस्तारित इमारतींवर आणि विभागांवर पडत गेला.

३. नगर उत्तरेकडे सरकले

मुख्यालये स्थिर राहिली, पण नगर स्थिर राहिले नाही. १९५० साली महापालिकेची हद्द बेटाबाहेर वाढविण्यात आली, आणि १ फेब्रुवारी १९५७ पासून ती पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत गेली. बोरिवली, कांदिवली, मालाड ही ठाणे जिल्ह्याशी दीर्घकाळ निगडित असलेली गावे अशा रीतीने बृहन्मुंबईत आली. हद्द वाढविण्यास एक कायदा पुरतो. परंतु वाढलेल्या हद्दीत कारभार पोहोचवावयाचा तर कचेऱ्या पोहोचवाव्या लागतात, आणि त्यास दशके लागतात.

महापालिकेने हे काम विभाग कार्यालयांच्या द्वारे केले. उत्तर टोकाचा आर विभाग कालांतराने आर-दक्षिण, आर-मध्य व आर-उत्तर असा त्रिधा विभागला गेला. त्यांची क्षेत्रे स्थूलमानाने कांदिवली, बोरिवली व दहिसर ही होत. घटनेच्या १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनंतर प्रभाग समित्या आल्या आणि विभाग कार्यालयास केवळ प्रशासकीय नव्हे तर काही अंशी प्रातिनिधिक स्वरूपही लाभले. पोलीस दलानेही प्रादेशिक विभाग, परिमंडळे व ठाणी अशी उतरंड रचली. उत्तर प्रादेशिक विभागाच्या अपर आयुक्तांचे कार्यालय कांदिवली पूर्वेस आले. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला व त्याचे मुख्यालय वांद्रे येथे राहिले.

यावरून एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. कचेरीचे स्थलांतर दोन प्रकारचे असते. एकात कचेरी एका इमारतीतून दुसरीत जाते. दुसऱ्यात मूळ कचेरी जागीच राहते, पण तिची काही कामे व अधिकार नव्या ठिकाणी जातात. पहिल्यास वास्तूचे स्थलांतर व दुसऱ्यास अधिकाराचे स्थलांतर म्हणता येईल. समारंभ बहुधा पहिल्याचा होतो. नागरिकांच्या जीवनावर परिणाम मात्र दुसऱ्याचा अधिक होतो.

४. चारकोप : आधी घरे, मग कचेऱ्या

कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीकडील खारफुटीच्या दिशेने उतरत गेलेल्या सखल भूमीवर चारकोप वसले आहे. जुने गावठाण तेथे होतेच. परंतु आजच्या चारकोपचे रूप सिद्ध झाले ते जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून सुमारे १९९४ पर्यंत राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पामुळे. या प्रकल्पाच्या एका शाखेत म्हाडाने जमीन विकसित करून, रस्ते, पाणी व मलनिःसारण यांची सोय करून, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान भूखंड दिले. हे भूखंड साधारणतः २५ ते ४० चौरस मीटरांचे. सामाईक अंगणाभोवती त्यांची मांडणी. सुमारे पस्तीस घरांची मिळून एक सहकारी संस्था. आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने बांधावयाचे, अशी ही योजना होती. मोठ्या रस्त्यांलगतचे मोठे भूखंड अधिक किमतीस देऊन लहान भूखंडांचा भार हलका करण्यात आला. २०१८ साली ओवेन्स, गुल्यानी व रिझवी यांनी मुंबई व चेन्नई येथील अशा वसाहतींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकेकाळी अपयशी समजलेल्या या योजना दोन दशकांनंतर यशस्वी ठरल्याचा निष्कर्ष काढला आहे.

या यशातच कचेऱ्यांच्या प्रश्नाचे मूळ आहे. घर टप्प्याटप्प्याने बांधावयाचे म्हणजे प्रत्येक टप्प्यास कोणत्या ना कोणत्या कचेरीची पायरी चढणे आले. मजला वाढवावयाचा तर परवानगी, घर विकावयाचे अथवा वारसाच्या नावे करावयाचे तर हस्तांतराची नोंद, शिवाय मालमत्ता कराची आकारणी, पाण्याची जोडणी, दुकान असल्यास परवाना. बिल्डराकडून तयार सदनिका घेणाऱ्या कुटुंबाची ही कामे बव्हंशी संस्था वा विकासक करतो. भूखंडधारकाला ती स्वतः करावी लागतात. म्हणजे ज्या वसाहतीतील माणसाला कचेरीची गरज अधिक, तीच वसाहत मुख्य कचेऱ्यांपासून सर्वांत दूरच्या टोकास वसलेली आहे.

चारकोपच्या रहिवाशाच्या दृष्टीने कचेऱ्यांचा नकाशा मांडून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होईल. पोलीस ठाणे आता चारकोपचे स्वतंत्र आहे. जन्म-मृत्यूची नोंद, मालमत्ता कर, पाणी व आरोग्य यांसाठी आर-दक्षिण विभाग कार्यालय कांदिवली पश्चिमेस महात्मा गांधी मार्गाच्या परिसरात आहे. तहसीलदाराचा दाखला हवा असल्यास बोरिवली गाठावे लागते. फौजदारी न्यायालयही बोरिवलीस आहे. जिल्हाधिकारी वांद्र्यास. भूखंडाचे मूळ कागद ज्या म्हाडाकडे आहेत तिचे मुख्य कार्यालयही वांद्र्यासच, आणि २०१८ पासून म्हाडाच्या वसाहतींतील बांधकाम-परवानगीचे नियोजनाधिकार म्हाडाकडे आल्याने विभाग कार्यालयात जाऊन ते काम होत नाही. पोलीस आयुक्त व महापालिका आयुक्त यांची भेट घ्यावयाची तर सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस जावे लागते. एकेका कचेरीची इमारत स्वतंत्रपणे पाहिली तर ती उत्तम असू शकेल. परंतु त्यांचा एकत्रित नकाशा नागरिकाच्या पदरी जो प्रवास टाकतो त्याचा हिशेब कोणत्याच एका खात्याच्या दप्तरी नसतो. दिवसाच्या मजुरीवर ज्याचे घर चालते त्याच्यासाठी वांद्र्याची एक फेरी म्हणजे एक रोज. आवश्यक कागद कमी पडला म्हणून दुसरी फेरी झाली, तर दोन.

२०२२ पासून सुरू झालेल्या व जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पश्चिमेपर्यंत पोहोचलेल्या मेट्रोच्या २अ मार्गिकेने या नकाशात काही पालट केला आहे. डहाणूकरवाडी व कांदिवली पश्चिम या स्थानकांमुळे बोरिवलीकडे जाणे सोपे झाले. यातून निघणारे तत्त्व असे की, कचेरी न हलविताही तिचे अंतर कमी करता येते; आणि उलट, कचेरी प्रशस्त इमारतीत नेली पण ती स्थानकापासून दूर गेली, तर अंतर वाढते.

५. ठाणे हलविताना

पोलीस ठाणे हे इतर कचेऱ्यांसारखे हवे तेथे हलविता येत नाही. पोलीस ठाणे म्हणजे राज्य शासनाने तसे म्हणून जाहीर केलेले ठिकाण वा चौकी, अशी त्याची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती व तीच भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्येही कायम आहे. ठाण्याला विशिष्ट हद्द असते, आणि नोंदी, अटक व तपास यांची वैधता त्या हद्दीशी व ठिकाणाशी जोडलेली असते. म्हणून स्थलांतर हा आधी कायद्याचा व मग सामानाचा विषय आहे.

सामानातही सर्वांत नाजूक भाग मुद्देमालाचा. जप्त केलेली हत्यारे, दागिने, वाहने, मादक पदार्थ, कागद यांपैकी प्रत्येक वस्तू कोठल्या तरी खटल्यातील पुरावा असते. ती एका खोलीतून दुसऱ्या इमारतीत नेताना नोंदवहीतील क्रमांक, मोहोर व ताबा यांची साखळी तुटली, तर खटल्यात बचाव पक्ष नेमके तेथेच बोट ठेवतो. नव्या इमारतीत मुद्देमालाची खोली कोरडी, कुलूपबंद व पुरेशी मोठी असणे हे दर्शनी भागाच्या शोभेहून अधिक महत्त्वाचे आहे. चारकोपसारख्या सखल भागात तर तळमजल्यावर मुद्देमाल वा दप्तर ठेवण्यापूर्वी २६ जुलै २००५ ची आठवण ठेवावयास हवी. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

कोठडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. अटक केलेल्या व्यक्तीस २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे बंधनकारक असल्याने ठाणे व न्यायालय यांतील अंतर हा निव्वळ सोयीचा मुद्दा राहत नाही. शिवाय २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याची प्रवेशद्वारे, कोठड्या, मार्गिका, स्वागतकक्ष व अधिकाऱ्यांच्या खोल्या यांत चित्रीकरणाची यंत्रणा बसविण्याचे आदेश दिले. जुन्या, तुकड्या-तुकड्यांनी वाढलेल्या ठाण्यात आडोसे फार असतात. नव्या इमारतीच्या आराखड्यात ते मुळातच टाळता येतात. याचा अर्थ असा की, चांगली इमारत ही कोठडीतील माणसाच्या जिवाचे संरक्षण करणारी गोष्टही ठरू शकते. तक्रार देण्यास आलेल्या स्त्रीला स्वतंत्र बसावयास जागा आहे की नाही, ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आपले म्हणणे दहा जणांच्या देखत सांगावे लागते की काय, हेही आराखडाच ठरवितो. ज्या तक्रारी ठाण्याच्या दारातून परत फिरतात त्यांची संख्या कोणत्याही अहवालात येत नाही.

गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदविता यावा, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेने स्पष्टपणे केली आहे. त्यामुळे ठाण्याच्या स्थानाचे महत्त्व काहीसे कमी झाले असे म्हणता येईल; परंतु तपास शेवटी ज्याच्या त्याच्या हद्दीतील ठाण्याकडेच जातो, आणि जबाबासाठी पुन:पुन्हा तेथेच जावे लागते.

६. दप्तर, मालकी आणि पैसा

महापालिकेच्या कचेरीचा आत्मा म्हणजे तिचे दप्तर. आकारणीच्या नोंदी, मंजूर नकाशे, जन्म-मृत्यूच्या वह्या यांच्यावर नागरिकाचे नाव, वय, वारसा व निवारा अवलंबून असतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीने दप्तराची असुरक्षितता सर्व महाराष्ट्राच्या निदर्शनास आणली. स्थलांतराच्या वेळी आग लागत नाही, पण हरवण्याचा धोका तितकाच असतो : गठ्ठे बांधले जातात, क्रम मोडतो, ‘जुन्या कचेरीतून कागद आलेला नाही’ हे उत्तर वर्षभर ऐकू येते. म्हणून दप्तराची सूची स्थलांतरापूर्वी तयार करणे व नव्या जागेत त्याच क्रमाने ते लावणे हा स्थलांतराचा खरा आरंभ मानला पाहिजे.

मालकीच्या दृष्टीने दोन्ही कचेऱ्यांची स्थिती वेगळी आहे. विभाग कार्यालय ही महापालिकेची स्वतःची मालमत्ता असते. पोलीस ठाणे मात्र राज्य शासनाचे. त्याचे बांधकाम सार्वजनिक बांधकाम खाते अथवा १९७४ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ करते. मुंबईत मोकळी जमीन दुर्मिळ असल्याने विकास आराखड्यातील आरक्षण हे जागा मिळविण्याचे मुख्य साधन होय. समावेशक विकासाच्या नियमानुसार आरक्षित भूखंडाचा मालक ठरावीक क्षेत्राची सार्वजनिक सोय स्वतः बांधून विनामूल्य हवाली करतो व उर्वरित विकासाचा हक्क मिळवितो. या पद्धतीने शासनाचा पैसा वाचतो हे खरे. परंतु कचेरीचे स्थान, प्रवेशद्वार व मजला यांवर विकासकाच्या सोयीची छाया पडण्याचा संभव असतो. कचेरी कोणत्या रस्त्यावर उघडते हे आराखडा मंजूर होतानाच ठरले पाहिजे.

नवे आयुक्तालय निर्माण होते तेव्हा मालकीचा हा भेद ठळकपणे दिसतो. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाची स्थापना १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली, परंतु त्याला स्वतःची वास्तू नव्हती. आरंभी चिंचवड येथील ऑटो क्लस्टरमध्ये व नंतर प्रेमलोक पार्कमधील महापालिकेच्या शाळा-इमारतीत त्याचा कारभार चालला. येथे महापालिका घरमालक आणि पोलीस बिऱ्हाडकरू असे नाते जुळले. अडचणीच्या वेळी असे सहकार्य स्वागतार्ह असले, तरी तात्पुरती सोय कायम होण्याची प्रवृत्ती आपल्या प्रशासनात प्रबळ आहे. शाळेची वर्गखोली कोठडीसाठी बांधलेली नसते आणि मुलांची जागा एकदा गेली की ती परत मिळविणे कठीण असते.

तद्वतच, नवी म्हणजे निर्दोष असेही समजण्याचे कारण नाही. पुणे महापालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन जून २०१८ मध्ये उपराष्ट्रपतींच्या हस्ते झाले, त्या दिवशीच पावसाचे पाणी छतातून गळाल्याची बातमी सर्वत्र झाली. १८९३ च्या ज्या इमारतीत मुंबई महापालिका आजही बसते तिच्याशी तुलना करता, कार्यसुविधेची कसोटी उद्घाटनाच्या दिवशी नव्हे तर प्रत्येक पावसाळ्यात द्यावी लागते हे मान्य करावे लागेल.

७. एक आक्षेप व त्याचा विचार

या सर्व विवेचनावर असा आक्षेप येऊ शकेल की, आता बहुतेक कामे संगणकाद्वारे घरबसल्या होऊ लागली आहेत; कर भरता येतो, दाखले मिळतात, तक्रार नोंदविता येते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्कही दिला. मग इमारतीच्या स्थानाची चिंता कशास? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. संगणकाने सरळ कामे सोपी केली. वादग्रस्त कामे मात्र कचेरीतच उरली. वारसांतील तंटा, चुकीची आकारणी, नावातील तफावत, मारहाणीची फिर्याद ही कामे समोरासमोरच्या बोलण्याखेरीज सुटत नाहीत, आणि ती बहुधा दुर्बलांच्याच वाट्यास येतात. म्हणजे कचेरीत जाणाऱ्यांची संख्या घटली तरी जे जातात त्यांची निकड वाढते.

ब्राझीलमधील साव पावलो राज्याने १९९७ पासून निरनिराळ्या खात्यांच्या सेवा एका छपराखाली देणारी ‘पोउपातेंपो’ नावाची केंद्रे काढली. या शब्दाचा अर्थच ‘वेळेची बचत’ असा आहे. विभाग कार्यालयांतील नागरी सुविधा केंद्रे व शासनाची सेतू केंद्रे याच दिशेची पावले होत. चारकोपच्या संदर्भात याचा अर्थ असा की, वांद्र्याच्या म्हाडाची वा बोरिवलीच्या तहसिलीची इमारत हलविण्याची गरज नाही. त्यांची एक अधिकारयुक्त खिडकी कांदिवलीच्या विभाग कार्यालयात उघडली तरी बरेच साधेल. मात्र ती खिडकी केवळ अर्ज स्वीकारणारी असता कामा नये. निर्णय देण्याचा अधिकार तिच्याकडे हवा. अन्यथा तेथे अर्ज देऊनही वांद्र्याची फेरी चुकणार नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मुख्यालयाच्या स्थलांतरास लागू होणारी प्रतिष्ठेची कसोटी विभागीय कचेरीस व ठाण्यास लावणे गैर आहे. तेथे सुगमता हीच प्रधान कसोटी होय. दुसरा असा की, कोणत्याही कचेरीचे स्थलांतर एकट्याने न तपासता, नागरिकास ज्या ज्या कचेऱ्यांत जावे लागते त्या सर्वांच्या नकाशात ठेवून तपासावे. तिसरा असा की, दप्तर व मुद्देमाल यांच्या सुरक्षित स्थलांतराची योजना ही बांधकामाच्या योजनेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाची आहे. आणि चौथा असा की, वास्तूबरोबर अधिकाराचेही स्थलांतर झाले नाही, तर नागरिकाच्या दृष्टीने काहीच हललेले नसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात क्षेत्र-अभ्यासास भरपूर वाव आहे. चारकोपच्या एखाद्या सेक्टरातील पस्तीस घरांच्या एकाच संस्थेची निवड करून, वर्षभरात तेथील कुटुंबांनी कोणत्या कचेरीच्या किती फेऱ्या केल्या, त्यांत किती रोज बुडाले, आणि कोणती कामे फेरीच्या धास्तीने केलीच नाहीत, याची नोंद ठेवली तरी मौलिक सामग्री हाती येईल. शासनाजवळ इमारतींच्या क्षेत्रफळाचे आकडे असतात. फेऱ्यांचे आकडे नसतात. कचेरी कोठे असावी याचा निर्णय आजवर पहिल्या आकड्यांवर होत आला आहे. तो दुसऱ्या आकड्यांवर होऊ लागेल, तेव्हाच अधिक चांगल्या इमारतीचा लाभ तिच्या पायऱ्या चढणाऱ्यास मिळेल.